ऑइल बदललं आणि गाडी पहाटे अडली

दसऱ्याला ट्रकला झेंडूचा हार पडतो आणि त्याच सुमारास गाडी हंगामासाठी तयार केली जाते. सोलापूर जिल्ह्यात याला कारण आहे. ऑक्टोबर-नोव्हेंबरात साखर कारखान्यांचे बॉयलर पेटतात आणि उसाला गाड्या लागतात. त्यामागोमाग हैदराबाद रोडवरच्या मार्केट यार्डात कांद्याची आवक चढत जाते आणि डिसेंबर-जानेवारीत शिगेला पोचते. चार-पाच महिने गाडीला उसंत नसते, म्हणून मालक आधीच ऑइल बदलतो, फिल्टर बदलतो, ग्रीसिंग करून घेतो, बॅटऱ्यांचं पाणी बघतो. ही कामं होतात तेव्हा दुपारचं ऊन अजून चटका देत असतं. मग दिवाळी सरते, आभाळ निवळतं आणि एका पहाटे पारा पंधराच्या खाली येतो. रात्रभर उभी असलेली गाडी सेल्फ मारल्यावर लगेच घेत नाही. घेतली तरी सगळी केबिन थरथरते, एखादा सिलिंडर मिसिंग मारतो, सायलेन्सरमधून पांढरा धूर लोटतो. दोन-तीन मिनिटांत सगळं सुरळीत होतं. दिवसभर काही तक्रार नाही, आणि दुसऱ्या पहाटे पुन्हा तेच.

"ऑइल बदललं तेव्हापासून सकाळी लई त्रास द्यायलीय बघा, मिस्त्री," असं सांगत ड्रायव्हर गॅरेजला येतो. त्याचं निरीक्षण खोटं नसतं. आधी ऑइल बदललं, नंतर त्रास सुरू झाला, हा क्रम बरोबरच आहे. पण ऑइल बदलण्याच्या त्या एका दिवसात गाडीला किती ठिकाणी हात लागतो, आणि त्यानंतरच्या महिन्याभरात पारा किती उतरतो, हे लक्षात घेतल्याशिवाय ऑइलवर ठपका ठेवता येत नाही. माझं मत आधीच सांगून टाकतो. सोलापूरच्या थंडीत निव्वळ ऑइलमुळे ट्रक अडणं फार क्वचित घडतं. ऑइलबरोबर बदललेला डिझेल फिल्टर, काम करताना हललेली वायर आणि उन्हाळ्यात दडून राहिलेली थकलेली बॅटरी, या तिन्हींकडे आधी बघावं.

त्यासाठी डिझेल इंजिन पेटतं कसं, हे थोडं नीट समजून घ्यायला हवं. रुडॉल्फ डिझेलने १८९२ मध्ये पेटंटसाठी अर्ज केला आणि १८९७ मध्ये जर्मनीतल्या आउग्सबुर्ग इथे त्याचं इंजिन खऱ्या अर्थाने चाललं. त्याची कल्पना अशी, की ठिणगी द्यायचीच नाही. हवा इतकी दाबायची की ती स्वतःच तापेल आणि तिच्यात फवारलेलं डिझेल आपोआप पेटेल. ट्रकच्या इंजिनात हवा साधारण सतरा पटीने दाबली जाते. मे महिन्यातली ४० अंशांची हवा अशी दाबली, तर ढोबळ हिशेबाने ती ५७० अंशांच्या आसपास जाते. जानेवारीच्या पहाटेची १० अंशांची हवा दाबली तर ४९० च्या जवळ पोचते. बाहेर ३० अंशांचा फरक, तर सिलिंडरच्या आत ८० अंशांचा. मे महिन्यात बोट लावताच सुरू होणारी गाडी पहाटे का कुरकुरते, याचं पहिलं उत्तर इथेच आहे, आणि त्यात ऑइलचा काही संबंध नाही.

तरीही ४९० अंश काही कमी नाहीत. डिझेल त्याच्या निम्म्या तापमानालाही पेटू शकतं. अडचण येते ती वेगाची. हा हिशेब हवा झपाट्याने दाबली जाते असं धरून केलेला आहे. सेल्फने इंजिन हळू फिरवलं, तर दाबलेली हवा रिंगांच्या फटीतून निसटते आणि तिची उष्णता थंडगार लायनर आणि पिस्टन शोषून घेतात. मग तेच तापमान ३०० च्या घरात येऊ शकतं. डिझेल थेंबाथेंबाने पेटतं, काही थेंब तसेच राहतात आणि पांढरा धूर होऊन बाहेर पडतात. म्हणजे सेल्फ किती जोरात ओढतो, यावर पहाटेची अर्धी कहाणी ठरते.

हे ज्ञान आपल्याकडच्या शेतकऱ्याच्या हातात फार आधीपासून आहे. किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी १९४६ मध्ये पुण्यात उभी राहिली आणि महाराष्ट्रातल्या विहिरीविहिरींवर डिझेल इंजिनं बसली. ती हँडलने सुरू करताना डोक्यावरचा छोटा दट्ट्या उचलून धरावा लागे. त्याने व्हॉल्व्ह उघडा राही, कॉम्प्रेशन नाहीसं होई आणि चाक हलकं फिरे. हँडलला पुरेशी गती आली की दट्ट्या सोडायचा. आधी वेग, मग दाब. दोन्ही एकदम मागितलं तर हँडल अडतं, हे त्या माणसाला अनुभवाने कळलेलं असे. ट्रकमध्ये हे काम सेल्फची मोटर आणि दोन बॅटऱ्या करतात, एवढाच फरक.

म्हणून पाना हातात घेण्याआधी कान आणि डोळे वापरावेत. सेल्फचा आवाज नेहमीसारखा जोरकस आहे की दमल्यासारखा? दमलेला असेल तर वीज, अर्थिंग किंवा जाड ऑइल. सेल्फ जोरात फिरतो, पण धूरच दिसत नाही? मग सिलिंडरपर्यंत डिझेल पोचतच नाही. धूर पांढरा येतो आणि इंजिन अडखळत घेतं? डिझेल पोचतं आहे, पण उष्णता कमी पडते किंवा डिझेल तुटक येतं. गाडी लगेच सुरू झाली, काही सेकंद चालली आणि बंद पडून पुन्हा बराच वेळ घेत नाही? ही तर जवळजवळ खात्रीची खूण आहे. डिझेलच्या लाइनने हवा धरली आहे.

या शेवटच्या दोषाकडे मला सगळ्यात जास्त वेळ द्यायचा आहे, कारण 'ऑइल बदलल्यापासून' या तक्रारीखाली तोच सर्वांत जास्त वेळा दडलेला असतो. बहुतेक गॅरेजात ऑइल फिल्टर बदलताना डिझेल फिल्टरही बदलतात. बिलावर दोन्ही असतात, मालकाच्या लक्षात मात्र 'ऑइल केलं' एवढंच राहतं. डिझेल फिल्टर उघडला म्हणजे लाइन उघडली, आणि लाइन उघडली की हवा आत जायला जागा मिळाली. डिझेल दाबलं तरी आकसत नाही. त्यामुळे पंपाने दिलेला धक्का जसाच्या तसा नोझलपर्यंत जातो आणि सुमारे २०० बार दाबाला नोझल उघडून फवारा करतं. मध्ये हवेचा बुडबुडा असेल तर पंपाचा सगळा धक्का तो बुडबुडा दाबण्यात खर्च होतो. नोझल उघडतच नाही, किंवा अर्धवट उघडून थेंब गाळतं. जुन्या गाड्यांवरचा पंप आजही मिस्त्री लोकांत 'मायको पंप' म्हणूनच ओळखला जातो. १९५१ मध्ये बेंगळुरूत सुरू झालेल्या त्या कंपनीचं नाव वस्तूला चिकटून राहिलं. त्या पंपाची हवा काढणं हे गॅरेजातल्या पोऱ्याचं पहिलं शिक्षण. नव्या कॉमन रेल गाड्यांत दाब कितीतरी पट जास्त असतो आणि वर एक अट असते. रेलमध्ये सामान्यतः दोनशे-अडीचशे बार दाब तयार झाल्याशिवाय कंट्रोल युनिट इंजेक्टर उघडूच देत नाही. त्यामुळे थोड्याशा हवेनेही सेल्फ लांबत जातो.

ही हवा दुपारी का त्रास देत नाही? ट्रकची टाकी चेसिसला खाली असते आणि फीड पंप तिथून डिझेल वर ओढतो. टाकीपासून फीड पंपापर्यंतच्या नळीत बाहेरच्या हवेपेक्षा कमी दाब असतो. त्या भागात कुठे बारीक फट राहिली तर तिथून डिझेल गळत नाही, उलट हवा आत शिरते. म्हणूनच मिस्त्री खाली वाकून बघतो, ओलावा कुठेच दिसत नाही आणि तो म्हणतो, लाइन ठीक आहे. गाडी चालू असताना पंप एवढं डिझेल ओढत असतो की हे बारीक बुडबुडे परतीच्या नळीने टाकीत निघून जातात. गाडी रात्री उभी राहिली की त्याच फटीतून हवा हळूहळू आत येते आणि नळीत उभं असलेलं डिझेल स्वतःच्या वजनाने टाकीत उतरतं. पहाटे सेल्फ मारला की पंपाला आधी हवा ओढावी लागते. चहाला थांबून दहा मिनिटांनी पुन्हा सुरू केलेल्या गाडीत डिझेल उतरायला वेळच मिळालेला नसतो.

खात्री करून घेणं सोपं आहे, खर्च काहीच नाही. पहाटे सेल्फ मारण्याआधी हँड प्रायमर दाबून बघा. दोन-चार दाबांत तो कडक झाला तर लाइन भरलेली आहे, दोष दुसरीकडे शोधा. पंधरा-वीस दाब मऊच लागले, मग कडक झाला आणि त्यानंतर गाडी एका झटक्यात स्वच्छ सुरू झाली, तर रात्री डिझेल उतरलं होतं हे सिद्ध झालं. आणखी एक खूण ड्रायव्हरला विचारून मिळते: टाकी काठोकाठ भरलेली असते त्या सकाळी गाडी चटकन घेते का? भरलेल्या टाकीत डिझेलची पातळी वर असते, त्यामुळे नळीतलं डिझेल फार खाली उतरत नाही. फट नेमकी कुठे आहे ते शोधायला फिल्टरच्या अलीकडे-पलीकडे काही वेळ पारदर्शक नळी जोडली की बुडबुडे डोळ्यांना दिसतात.

फट सहसा जिथे हात लागला तिथेच सापडते. फिल्टरची जुनी रबरी रिंग हाउसिंगला चिकटून राहते आणि तिच्यावरच नवी बसवली जाते. फिल्टर घट्ट वाटतो, पण दोन रिंगांमधून हवा येत राहते. बॅन्जो बोल्टचे तांब्याचे वॉशर एकदा दबले की पुन्हा तसे बसत नाहीत, तरी काही रुपयांसाठी तेच परत लावले जातात. वॉटर सेपरेटरच्या तळाचा पाणी सोडायचा प्लग ढिला राहतो. अशा जागी टेफलॉन टेप गुंडाळू नये, तिचे तुकडे तुटून पुढे जातात. नवा फिल्टर कॅनमधल्या डिझेलने भरून बसवण्याची जुनी सवयही आता मोडायला हवी. मायको पंपाने ती खपवून घेतली. १ एप्रिल २०२० पासून देशभर लागू झालेल्या बीएस-६ मानकाच्या गाड्यांच्या इंजेक्टरमधली जागा काही मायक्रॉनची असते, आणि कॅनमधलं न गाळलेलं डिझेल थेट तिकडे पोचलं तर फिल्टर बदलून नुकसानच पदरात पडतं. प्रायमरने भरायला वेळ लागतो, तो द्यावा.

आता खुद्द ऑइलकडे वळू. आपल्याकडे ट्रकला बहुधा १५डब्ल्यू-४० ऑइल घालतात. पहिला आकडा थंडीतल्या वागणुकीचा. १५डब्ल्यू ऑइल किती सहज फिरू देतं याची परीक्षा उणे २० अंशांवर घेतात, २०डब्ल्यूची उणे १५ वर. सोलापूरची पहाट १२ अंशांची असली काय नि ९ अंशांची असली काय, दोन्ही ऑइलांना ती सुसह्यच आहे. तरी एक प्रकार घडतो. इंजिन ऑइल खातं म्हणून मालक मुद्दाम २०डब्ल्यू-५० घालायला सांगतो. जाड ऑइलाने सेल्फवर थोडा भार वाढतो. बॅटऱ्या चांगल्या असतील तर ते जाणवतही नाही. बॅटऱ्या आधीच दमलेल्या असतील तर तेवढा भारही पुरतो आणि सगळा दोष डब्यावर येतो.

ऑइल जास्त भरणं ही चूक मला जाडीपेक्षा गंभीर वाटते. गाडी उतारावर उभी असताना किंवा इंजिन थंड असताना ऑइल काढलं की जुनं थोडं चेंबरमध्ये राहून जातं. त्यावर पुस्तकातला आकडा मोजून नवं ओतलं की पातळी काडीच्या वरच्या खुणेपलीकडे जाते. क्रँक त्या ऑइलात बुडून फिरतो, ते घुसळलं जातं, फेस होतो, इंजिन जड फिरतं आणि ब्रीदरमधून ऑइल इनटेकमध्ये जाऊ लागतं. या वेळी धूर निळसर असतो. अति झालं तर इंजिन ते ऑइलच इंधन म्हणून जाळू लागतं आणि चावी बंद करूनही वेग वाढतच जातो. तेव्हा हवा बंद करणं हाच उपाय उरतो. म्हणून सपाट जागा, इंजिन बंद करून दहा-पंधरा मिनिटं थांबणं आणि मग काडी बघणं, यात आळस नको. काही न घालता पातळी वाढलेली दिसली तर ऑइलात डिझेल किंवा पाणी मिसळत आहे. दुधाळ रंग पाण्याचा, पातळपणा आणि वास डिझेलचा. अशी गाडी पुढे रेटू नये.

फिल्टरचं एक वेगळं लक्षण आहे. चांगल्या ऑइल फिल्टरमध्ये ऑइल मागे उतरू न देणारी रबरी झडप असते. हलक्या फिल्टरमध्ये ती कडक होते किंवा नीट बसत नाही. मग रात्री फिल्टर रिकामा होतो आणि पहाटे पहिली काही सेकंदं टकटक आवाज येतो, ऑइलचा दिवा उशिरा विझतो. हे मिसिंग नव्हे, पण ड्रायव्हर दोन्ही एकाच शब्दात सांगतो. टर्बोचा दांडा मिनिटाला लाखाच्या आसपास फेरे घेतो आणि तो ऑइलच्या पातळ थरावर तरंगत असतो. त्या सेकंदांत ॲक्सिलरेटर दाबू नये.

ऑइल बदलल्याने पहाटेची सुरुवात खरोखर बिघडते अशी इंजिनं जगात आहेत. अमेरिकेत कॅटरपिलरने विकसित केलेल्या पद्धतीवर नॅव्हिस्टारने ७.३ लिटरचं इंजिन बनवलं आणि १९९४ पासून ते फोर्डच्या पिकअप गाड्यांत 'पॉवर स्ट्रोक' नावाने बसलं. त्यात इंजेक्टर दाबण्याचं काम इंजिन ऑइलच करतं. एक वेगळा पंप ऑइलला दोनशे बारच्या वर दाब देतो आणि त्या जोरावर डिझेल फवारलं जातं. तिथे ऑइल जाड असेल, त्यात हवा असेल किंवा पंपाची टाकी रिकामी झाली असेल तर इंजिन अडखळणारच. तिकडचे व्हिडिओ पाहून ऑइलचा ब्रँड बदलत बसणारे मालक इथेही आहेत. १९५४ मध्ये टेल्कोने डाइम्लर-बेंझच्या सहकार्याने जमशेदपूरला ट्रक बनवायला घेतल्यापासून आपल्या रस्त्यांवर आलेल्या नेहमीच्या ट्रकांत मात्र ऑइल इंजेक्टर दाबत नाही. म्हणून तो सल्ला इथे लावू नये.

विजेचा भाग थोडक्यात. ट्रकला १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या जोडून २४ व्होल्ट मिळतात. सेल्फ फिरत असताना मीटर लावा. व्होल्टेज साधारण १९ च्या खाली गेलं तर बॅटरी, टर्मिनल किंवा वायर यांपैकी काहीतरी कमकुवत आहे. दोन्ही बॅटऱ्या वेगवेगळ्या मोजा, कारण एक मेलेली असली तर चांगलीही तिच्याबरोबर बदनाम होते. इंजिन ते चेसिस ही अर्थिंगची पट्टी बहुतेक जण विसरतात. गंजलेली पट्टी उन्हाळ्यात चालून जाते, पहाटे चालत नाही.

बीएस-६ गाडीत स्कॅनर पहाटेच लावावा, दुपारी नव्हे. रात्रभर उभ्या गाडीत कूलंटचं, इनटेक हवेचं आणि डिझेलचं तापमान जवळजवळ सारखंच असायला हवं. बाहेर १२ अंश असताना एखादा सेन्सर ४० सांगत असेल तर कंट्रोल युनिट इंजिन गरम आहे असं समजून थंडीसाठीचं जादा डिझेल देत नाही, हीटरही लावत नाही. फिल्टर काढताना कोपर लागून एखादा कनेक्टर अर्धवट सुटलेला असतो, तो असा सापडतो. 'छोटा हत्ती'सारख्या लहान गाड्यांत प्रत्येक सिलिंडरला हीटर प्लग असतो. चारपैकी किंवा दोनपैकी एक मेला की तेवढाच सिलिंडर तापेपर्यंत मिसिंग मारतो. डॅशबोर्डवरचा पिवळा दिवा विझेपर्यंत थांबायचं असतं, हेही कित्येक ड्रायव्हरांना कुणी सांगितलेलं नसतं.

एक गोष्ट मात्र कळकळीने सांगतो. इनटेकच्या तोंडाशी डिझेलचा बोळा पेटवून धरणं किंवा स्टार्टिंग स्प्रे मारणं थांबवा. ज्या गाडीत हीटर प्लग किंवा इनटेक हीटर आहे, तिथे स्प्रेमधला ईथर इनटेकमध्येच भडकतो. एअर क्लीनरचा कागद पेटतो, पिस्टन फुटतो, आणि कारखान्याच्या यार्डात उसाच्या पाचटाशेजारी उभ्या गाडीत हा खेळ करणं म्हणजे सगळी रांग धोक्यात घालणं आहे.

डिझेल गोठण्याची भीती सोलापुरात बाळगायचं कारण नाही. भारतीय मानकात फिल्टर चोंदण्याच्या तापमानाची मर्यादा उन्हाळ्यात १८ आणि हिवाळ्यात ६ अंश आहे. सांगोल्याचं डाळिंब घेऊन जानेवारीत दिल्ली-पंजाबकडे जाणाऱ्या गाडीने मात्र तिकडच्या पंपावर टाकी भरावी. मेण धरलेल्या डिझेलची गाडी सुरू होते आणि काही मिनिटांनी बंद पडते, हा इथल्या तक्रारीपेक्षा वेगळा नमुना आहे. रॉकेल मिसळण्याचा जुना तोडगा पंपाचं वंगण घालवतो, तो करू नये.

लाइन भरलेली आहे, बॅटऱ्या जोरात आहेत, हीटर तापतो, ऑइल काडीवर बरोबर आहे, आणि तरी पहाटे पांढरा धूर आणि थरथर आहेच, तर नोझल काढून टेस्ट बेंचवर लावावीत. फवारा धुक्यासारखा न होता धार पडत असेल तर नोझल गेलं. नोझलही चांगली निघाली तर प्रत्येक सिलिंडरचं कॉम्प्रेशन मोजावं. इतरांपेक्षा बराच खाली असलेला सिलिंडर म्हणजे झिजलेल्या रिंगा, किंवा व्हॉल्व्ह नीट बसत नसल्याची खूण. ही झीज दसऱ्याच्या ऑइलने आणलेली नसते, कित्येक हंगामांची असते. चांगल्या बॅटऱ्या आणि चालू हीटर असेल तर अशी गाडी बहुधा मार्चपर्यंत निभावते. ऑइलची पातळी रोज बघत राहावं आणि इंजिन उघडायचं काम गळीत संपल्यावर, गाडी रिकामी झाली की घ्यावं.